वादळाचा केर

वादळाचं सांगण्यासारखं फार काही नाही. वारा आला, कौलं गेली, झाडं पडली, वारा गेला. टीव्हीवर ते पुष्कळ दाखवून झालं. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळपासूनचं, म्हणजे केर काढण्याचं. ते कोणी दाखवलं नाही. केर काढणारी बाई कशी दिसते ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

आता दरवर्षी मृगाच्या आधी वारा जरा तिरका सुटला की आमच्या वाडीतली माणसं दारात येऊन उभी राहतात. नुसती मावळतीकडं बघतात. आमची वाडी पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या बाजूला. तिथून समुद्र दिसत नाही, मध्ये डोंगरावर डोंगर आहेत. म्हणून तर त्या वर्षी आम्ही निवांत होतो. वादळ समुद्राचं, येईल तर श्रीवर्धनला येईल, इथवर चढून कशाला येतंय? आलं. त्याला कोणी चढण सांगितली नव्हती.

ते कोरोनाचं वर्ष. मुंबईची माणसं गावाला आलेली. माझा मुलगा सुरेश आणि सून दर्शना चैत्रापासून घरी होते. सुरेशची कंपनी बंद, पगार बंद. घरात स्लॅबची जागा एकच, संडास. बाकी सगळं कौलारू, पडवीला तेवढे पत्रे. वारा घोंगावायला लागला तशी मी दोघांना म्हटलं, चला आत. दर्शना म्हणाली, "आई, संडासात?" मी म्हटलं, "मग काय देवळात जातेस? देवळाचे पत्रे मघाशीच गेले." आम्ही तिघं आणि एक शेळी दिवस कलेपर्यंत त्यात उभे होतो. शेळी सगळ्यात शहाणी, ती बसली. दर्शना रडली नाही. मी तिच्याकडं बघून ठेवलं, म्हटलं ही उपयोगाची आहे.

सकाळी बाहेर आले तर उजेड नको तेवढा होता. डोळ्यांना सवय असते, इथं सावली, तिथं फांदी. ते काहीच नव्हतं. डोंगराची झाडं पानं ओरबाडल्यासारखी, आंबेनळीकडचा सगळा उतार उघडा. माझ्या जावेचं, सखूचं घर आमच्या शेजारीच, पण मध्ये झाडी होती म्हणून तिचं परसदार मला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मीही तशीच उभी होते. चाळीस वर्षं एकमेकींच्या शेजारी राहून आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा समोरासमोर आलो म्हणायला हरकत नाही.

आणि वास. पिकल्या फणसाचा वास सगळ्या परसात कोंदला होता. आमचा फणस मुळासकट आडवा झाला होता. अंगावर फळं लागलेली, ती पडून फुटली आणि गरे चिखलात. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो वास आला असता तर तोंडाला पाणी सुटलं असतं. त्या दिवशी सुटलं नाही. कारण फणस पडला होता तो थेट राबावर.

राब म्हणजे भाताचं रोप करायची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, पाला, कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या पसरून भाजायच्या. भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, रोप जोमानं येतं. न भाजलेल्या जागेत पेराल तर गवत रोपाच्या वर जातं आणि तुम्ही गवत लावत बसता. माझा राब तेवढाच, परसामागं, आणि त्याच्यावर आता अख्खं झाड झोपलं होतं. झाडावर आमचे दोन पत्रे, सखूच्या गोठ्याचा एक वासा आणि कोणाचा तरी लाल परकर.

परकराचं आधी सांगून टाकते. तो सखूचा होता. वाडीतल्या सगळ्यांनी ओळखला आणि सगळ्यांनी न ओळखल्यासारखं केलं. शेवटी मीच ओरडले, "गो सखू, तुझा झेंडा उतरव, स्वातंत्र्यदिन लांब हाय." तिनं मला दिलेली शिवी इथं लिहिण्यासारखी नाही. पण त्या सकाळी वाडीत पहिल्यांदा कोणी हसलं ते तेव्हा.

केर म्हणजे काय, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. हात चालू असले की डोकं मोकळं असतं. कौल छपरावर असलं की कौल, अंगणात पडलं की केर. वस्तू तीच, फक्त जागा सुटली. माणसाचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे. वादळाचा केर रोजच्यासारखा उकिरड्यावर टाकायचा नसतो. त्याचे ढीग करायचे. अख्खी कौलं एकीकडं, उभी, एकाला एक टेकवून. कान तुटलेली दुसरीकडं, ती गोठ्यावर चालतात. तुकडे तिसरीकडं, चिखलाच्या वाटेवर टाकायला. वासे, रिपा वेगळ्या. खिळे डब्यात, वाकलेले असले तरी. पाला वेगळा. हे सगळं करायला डोकं लागत नाही, कंबर लागते.

पण मी ढिगांना हात घालायच्या आधी माळ्यावर चढले. माळ्यावर कणगी होती, बांबूची, शेणानं सारवलेली, आणि कणगीत बियाण्याचं भात. वरची कौलं उडाली होती. रात्रभर त्यात पाणी पडत होतं. हात कोपरापर्यंत घातला तर तळापर्यंत ओलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात घातला तर आत ऊब लागली. भात उबायला लागलं म्हणजे ते जागं झालं.

भिजून जागं झालेलं बियाणं वाळवून परत झोपवता येत नाही. त्याला एकच वाट, त्याला पुरते मोड आणायचे आणि चिखलात फेकायचं. आम्ही त्याला रहू म्हणतो. वाडीत सगळ्यांना येतं ते, त्यात माझं कौतुक काही नाही. अडचण वेगळी होती. मोड आले की थांबत नाहीत. लांबले की एकमेकांत गुंततात, फेकताना तुटतात. म्हणजे मोड तयार व्हायच्या आत राब मोकळा झाला पाहिजे. नाहीतर भात टोपलीतच कुजणार. दुसरं बियाणं आणायचं कुठून? दुकानं बंद, रस्त्यावर झाडं आडवी, शेजाऱ्यांच्या कणग्याही भिजलेल्या. सुरेशचा पगार असता तर मी एवढं जिवावर घेतलं नसतं. त्या वर्षी शेत पडीक राहिलं असतं तर पुढचं वर्षभर आम्ही तिघांनी खायचं काय, हा साधा सवाल होता.

मी कोयती घेऊन फणसाकडं निघाले तर सुरेश आडवा आला.

"आये, हात लावू नको. पंचनामा व्हायचा हाय. तलाठी बघतील, मग हलवायचं. सगळ्यांना तसं सांगितलंय."

"कधी येतील?"

"रस्ता मोकळा झाला की."

"रस्ता कधी मोकळा होतोय?"

कुंपण राहिलंच नव्हतं, त्यामुळं सखू तिच्या अंगणातूनच बोलली. "गो बाय, त्याचं ऐक. पडलंय ते पडल्या जागी ठेव. मी तर फुटका हंडासुद्धा उचलला नाय."

"मग चालतेस कशी घरातून?"

"उड्या मारते."

"या वयात?"

"भरपाईसाठी मारीन गो. तुझ्यापेक्षा लहान हाय मी."

त्यांचं चुकत नव्हतं, हे मी तेव्हाही समजून होते. नुकसान दाखवायचं तर ते दिसायला पाहिजे. साफ अंगणात नुकसान कोणाला दिसणार? घराला कौलं हवीत, वासे हवेत, आणि ते सरकारकडून काही आलं तरच होणार. म्हणजे झाड हलवलं तर छप्पर लांबणार आणि नाही हलवलं तर भात जाणार. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. मी कोयतीची धार अंगठ्यानं बघितली. मग म्हटलं, "सुऱ्या, भात काय तलाठ्याची वाट बघणार हाय? पावसात ताडपत्रीखाली मी राहीन. रिकाम्या पातेल्यापुढं नाय बसणार." आणि पहिली फांदी तोडली.

आमच्याकडं सासऱ्यांच्या वेळची दोन मुठींची करवत आहे. तिला दोन माणसं लागतात. सुरेश अजून फुगलेला होता. दर्शना आली आणि दुसरी मूठ धरली. ती घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, तिनं झाड कधी तोडणार? पहिल्यांदा ती करवत माझ्याकडं ढकलायला लागली. करवत वाकली, अडकली. मी म्हटलं, "ढकलू नको. तू फक्त ओढ, मग मी ओढते. समोरच्याचं काम आपण करायला गेलं की करवत अडकते." तिच्या ध्यानात आलं. मग आमची करवत जी लागली ती लागली. फणसाचा चीक पात्याला धरायचा, की खोबरेल तेल लावायचं, की पुन्हा. चीक तिच्या केसांत गेला. रात्री तेल चोळून चोळून काढला तरी एक बट कापावी लागली. ती म्हणाली, "आई, पार्लरचा खर्च वाचला." मी हसले नाही, पण मला आवडलं ते.

आमची करवत ऐकून सुरेश आला. त्याच्या मागून खालच्या घरची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांच्याही घरांवर छप्पर नव्हतं. पण आमच्या वाडीत सावड आहे, म्हणजे आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. ती शेतीच्या कामासाठी असते, पडलेल्या झाडासाठी कोणी कधी मागितली नव्हती. मीही मागितली नाही. लोक आले. येताना एकजण म्हणाला, "काकी, पंचनामा तुझा बुडाला, आता आमचाही बुडवतेस." आणि असं म्हणत पहार लावून ओंडका ढकलायला लागला.

बुंधा एकसंध हलणारा नव्हता. त्याचे ओंडके केले, पहारीनं लोळवले, परसाच्या कडेला लावले. कच्चे फणस घरोघर भाजीला गेले, पिकलेले गुरांनी खाल्ले, आठळ्या आम्ही चुलीत भाजल्या. वीज नव्हती, किती दिवस नव्हती ते मी मोजलं नाही. मोजून ती लवकर येणार नव्हती. मुळं उपटली तिथं हा एवढा खड्डा पडला होता. त्यात कौलांचे तुकडे भरले. माझं निम्मं छप्पर त्या खड्ड्यात आहे. वरून माती ओढली. अजून तिथं नांगर लागला की खापरं वाजतात.

मधल्या वेळात भात टोपल्यांत होतं. खाली पेंढा, वर सागाची पानं, त्यावर दगड. मी रोज सकाळी पानं उचलून बघायची. आधी दाण्याचं तोंड पांढरं दिसलं. मग टोक बाहेर आलं. त्या वेळेला शेवटचे ओंडके अजून राबावर होते. मी टोपल्या चुलीपासून हलवून गार जागेत ठेवल्या, म्हणजे मोड जरा दमानं येतील. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दर्शनानं विचारलं तर म्हटलं, आठळ्या बाधल्या.

राब मोकळा झाला त्याच दिवशी तो तुडवून चिखल केला. पाणी पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, कळश्यांनी आणलं, कारण वादळाचा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मोड बोटाच्या पेरापेक्षा कमी होते. वेळेत होते. रहू फेकताना मूठ सैल ठेवायची, घट्ट धरली तर मोड मोडतो. मी फेकलं. सुरेश बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "आये, मी फेकू का थोडं?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." ते भात कोणाच्या हाती देण्याइतकं माझं मन मोठं नाही.

मग घराचा केर. तोवर आभाळ दाटायला लागलं होतं. घरात चिखलात मिसळलेली राख, भिजलेल्या गोधड्या, छपराच्या शिरेवरच्या फुटलेल्या कोन्यांची खापरं, आणि देव. देव आधी उचलले, धुतले, डब्यात ठेवले. मुंबईची माणसं केर काढतात तो दिसेनासा करायला. आम्ही काढतो तो काय कामाचा आहे ते बघायला. भिंतीची पडलेली माती चाळून परत लिंपायला घेतली. वाकलेले पत्रे जमिनीवर टाकून त्यावर चालत गेले, सरळ झाले. दुसऱ्यांचे पत्रे मात्र कोणी घरात घेतले नाहीत. देवळासमोर पालखी टेकायची सहाण आहे, तिथं नेऊन उभे केले. ज्याचा त्यानं ओळखून न्यावा. पत्रा ओळखता येतो, प्रत्येकाची खिळे मारायची तऱ्हा वेगळी. लोकांच्या छपराला वाऱ्याची भोकं पडली होती, पण एकही पत्रा चुकीच्या घरावर गेला नाही. हे मी कुठंही छातीठोक सांगेन.

पंचनाम्याला आली ती एक तरुण बाई, फाईल पोटाशी धरून, चपला हातात. रस्त्यावरची झाडं तोडत तोडत ती आणि तिच्याबरोबरची माणसं इथवर पोचली होती, तोंडं दमलेली होती. तिनं माझं अंगण बघितलं. सारवलेलं. चार ढीग. वर ताडपत्री.

"आजी, पडलेलं काय काय होतं?"

"हे ढीग बघा. मागं राबावर झाड होतं, ते आता ओंडक्यांत हाय."

तिनं राबाकडं बघितलं. तिथं पोपटी कोंब वर आले होते. तिथं झाड पडल्याची एकही खूण तिला दिसली नाही. तिनं मला ढिगाजवळ उभं करून मोबाइलवर फोटो काढला. म्हणाली, "आजी, हसू नका, नुकसानीचा फोटो आहे."

"हसत नाय बाय. माझं तोंडच असं हाय."

सखू मागून पुटपुटत होती, "ओंडके परत राबावर टाका म्हटलं होतं मी, घटकाभर." टाकले असते तर कोंब चिरडले असते. मला सगळ्यांपेक्षा कमी मिळालं, असं सखू अजून सांगते. मिळालं असेल. त्या पोरीचं काही चुकलं नाही, तिला दिसलं ते तिनं लिहिलं. साफ घराला साफ घर म्हणून लिहिलं गेलं, यात मला तरी रागावण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढं एकदा महाडला पुराचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा आमच्या वाडीतल्या बायका खराटे आणि घमेली घेऊन टेम्पोत बसून गेल्या. माझी बहीण तिथं असते. तिच्या घरात गुडघाभर चिखल. तिथली माणसं ओट्यावर बसून होती, कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. सखू म्हणाली, "उठा, चिखल ओला हाय तोवर काढा, वाळला की पहार लागंल." आणि लुगडं खोचून आत शिरली. ही तीच सखू, जी फुटका हंडा उचलत नव्हती. माणूस शिकतं. उशिरा का होईना.

तिचं शिकणं कसं झालं ते सांगते. तिनं वादळाआधी कोरड्या मातीतच पेरून धूळपेर केली होती, ती पावसानं वाहून गेली. राबावर तिच्या गोठ्याचं छप्पर पडलेलं, ते तिनं पंचनाम्यासाठी तसंच ठेवलं. पंचनामा झाला, छप्पर उचललं, तर पेरायला बियाणं नाही आणि पेरायची वेळही नाही. लावणीच्या तोंडावर ती माझ्या राबाच्या बांधावर येऊन बसली. रोपावरून हात फिरवायला लागली. ती कशाला आली ते मला कळलं.

"किती खाचरं राहिलीत?" मी विचारलं.

"सगळीच गो."

मी राबाकडं बघितलं. रोप दाट होतं, पण दोन घरांना भरपूर होईल इतकं नव्हतं. सुरेश म्हणाला, आपलं लावून उरलं तर देऊ. मी म्हटलं, उरलं तर नाही. चार काड्यांच्या जागी दोन काड्या लाव, म्हणजे उरेल. असा आमचा संसार विरळ लावला आम्ही त्या वर्षी. पण सखूला एक अट घातली. म्हटलं, "आधी तुझ्या अंगणातला तो हंडा उचल. मग रोप ने." ती म्हणाली, "म्हातारे, मरताना तरी टोमणे सोडशील का?" आणि घरी जाऊन तिनं अंगण लख्ख केलं. मी जाऊन बघून आले.

ताडपत्रीखाली अख्खा पावसाळा काढला. रात्री ती फडफडायची, दर्शना कानाला पदर बांधून झोपायची. भिंतीला ओल आली, माझ्या गुडघ्यांनाही आली. छप्पर त्या वर्षी झालं नाही. मी ते कबूल करून झाड तोडलं होतं, त्यामुळं कुरकुर करायची सोय नव्हती. पण दोन काड्यांना फुटवे आले. भात निसवलं. घरात खाणारी तोंडं तेवढीच होती, आणि तांदूळ विकत आणावा लागणार नाही हे दसऱ्याच्या आधीच लोंब्या बघून कळलं.

दसऱ्याला आमच्याकडं नवं बांधतात. नव्या भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू, असं दाराला, नांगराला, कणगीला. मी जुडी घेऊन दारात आले तर सखू तिथंच होती. तिच्या हातात तिच्या खाचरातल्या लोंब्यांची जुडी. तिनं माझ्या दाराकडं बघितलं. वर ताडपत्री, तिला दोरीचे चार ताण, बाजूला कौलांचा ढीग.

"असल्या घराला कोण नवं बांधतं गो?" ती म्हणाली.

"ज्याच्या शेतात पिकलंय तो बांधतो. तू बडबड कमी कर आणि शिडी धर."

"सुऱ्याला चढू दे की."

"शिडी धर म्हटलं ना."

तिनं धरली. मी चढले.